मागेल त्याला गणित

हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाकडून पावसाची जी चौकटवार नोंद मिळते ती १९०१पासूनची आहे. भारताच्या नकाशावर पाव अंशाची जाळी टाकलेली. दक्षिणोत्तर १२९ ओळी, पूर्वपश्चिम १३५ रकाने. म्हणजे दिवसाला १७,४१५ आकडे आणि दर वर्षाची एक फाइल. देशभरातल्या ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदींवरून हे आकडे बसवलेले आहेत. ही सगळी केंद्रं सगळी वर्षं चालू नव्हती, हे वापरणाऱ्यानं विसरायचं नाही. अकोल्यातल्या आमच्या छोट्या गटाला या ढिगाऱ्यातून एकच गोष्ट हवी होती : पावसाळ्यात वऱ्हाडात सलग कोरडे दिवस किती पडतात, आणि हा खंड अलीकडे लांबतोय का.

प्रश्न जुनाच. पण २०२३च्या ऑगस्टनंतर तो सगळ्यांच्या तोंडी झाला. देशपातळीवर तो १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आमच्याकडे सोयाबीन फुलावर असताना पावसानं पाठ फिरवली आणि पीकविम्यातली ‘सलग एकवीस दिवसांचा खंड’ ही अट चहाच्या टपरीवरसुद्धा पाठ झाली. मी मूळची अमरावतीची, काम अकोल्याला. दोन्हीकडच्या ओळखीच्या माणसांनी मला हाच प्रश्न विचारला. जणू मी कुठल्या तरी खिडकीवर बसले आहे आणि माझ्याकडे शिक्का आहे.

संगणकाच्या भाषेत ही सगळी नोंद म्हणजे एक टेन्सर : दिवस, अक्षांश, रेखांश अशा तीन मितींत रचलेले आकडे. १९०१ ते २०२० घेतलं तर ४३,८३० दिवस, म्हणजे ७६ कोटींहून जास्त आकडे. प्रत्येकाला चार बाइट धरले तर सव्वातीन नाही, पण तीन गिगाबाइटच्या थोडं वर. ऐकायला हे फार नाही. मोबाइलमधल्या लग्नाच्या व्हिडिओंना याहून जास्त जागा लागते. पण व्हिडिओ तुकड्यातुकड्यानं दिसत जातो. गणिताला मात्र सगळं एकदम मेमरीत लागतं, निदान पायथन भाषेतल्या नमपाय या साधनात साधेपणानं लिहिलं तर लागतंच. पहिल्या ओळीत फाइली वाचल्या : तीन गिगाबाइट. कुणी तरी सवयीनं दुप्पट अचूकतेचे आकडे करून घेतले : आणखी सहा. मग ‘अडीच मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे कोरडा दिवस’ हा निकष लावला, की तेवढ्याच आकाराची हो-नाहीची आणखी एक मांडणी तयार. मग जून ते सप्टेंबर वेगळे काढा, मग सलग कोरडे दिवस मोजा, मग वर्षाचा सर्वांत लांब खंड काढा. प्रत्येक ओळीला नवी मांडणी, आणि जुनी अजून हटलेली नसते. आठ गिगाबाइटचा लॅपटॉप दुसऱ्या-तिसऱ्या ओळीलाच मान टाकतो. अकोल्याच्या मे महिन्यात, पारा ४५च्या पुढे आणि पंखा नुसती गरम हवा ढवळतोय अशा दुपारी, तो नुसता मान टाकत नाही, हातही लावू देत नाही.

आणि हे सगळं कशासाठी? अकोला आणि अमरावती हे दोन्ही जिल्हे २० ते पावणेबावीस अक्षांश आणि साडेशहात्तर ते साडेअठ्ठ्याहत्तर रेखांश एवढ्या खिडकीत बसतात. त्यात जाळीच्या चौकटी येतात ७२. सतरा हजार चारशे पंधरांपैकी बहात्तर. बाकीचा हिशेब चेरापुंजीचा, जैसलमेरचा आणि कुणी न मागितलेला.

इथे लेझी इव्हॅल्युएशन कामाला येतं. कल्पना अशी, की ओळ लिहिली म्हणजे गणित झालं असं नाही. ओळ लिहिली की फक्त नोंद होते : ‘अमुक फाइल वाचायची आहे, तिच्यावर अमुक निकष लावायचा आहे, त्यातून अमुक महिने काढायचे आहेत.’ एकातून एक निघणाऱ्या या कामांचा आराखडा तयार होत जातो, आणि शेवटी कुणी ‘आता उत्तर दे’ म्हटलं की मग त्या उत्तरापासून उलटं मागे जात, नेमकं जेवढं लागतं तेवढंच काम केलं जातं. ज्याला कुणी मागितलं नाही त्याच्याकडे फिरकायचंच नाही. १९७६ साली हेंडरसन आणि मॉरिस या जोडीनं, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे फ्रीडमन आणि वाइज यांनी ही गोष्ट निबंधांतून मांडली. त्यांच्यापुढे याद्या आणि फलनं होती, पाऊस नव्हता. पुढे हॅस्केल नावाची एक अख्खी भाषा याच तत्त्वावर उभी राहिली. आमच्यासारख्यांपर्यंत ही कल्पना पोहोचली डास्क आणि एक्सअॅरे या पायथनच्या साधनांतून.

एक्सअॅरेचा जन्म कुठे झाला हे कळलं तेव्हा मी थोडी चमकले होते. स्टीफन होयर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते लिहिलं अमेरिकेतल्या क्लायमेट कॉर्पोरेशन या कंपनीत, २०१४मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. ही कंपनी हवामानाचे आकडे चाळून शेतकऱ्यांना विमा विकत असे. आणि २०१३ साली तिला विकत घेतलं होतं मोन्सँटोनं. २००२मध्ये ज्या बीटी कपाशीला भारतात परवानगी मिळाली आणि जिनं पुढच्या काही वर्षांत वऱ्हाडातली जवळजवळ सगळी कपाशी व्यापली, तिचं तंत्र मोन्सँटोचंच. म्हणजे बियाण्यातलं तंत्रही त्यांचं आणि त्या बियाण्यावर पाऊस पडला की नाही हे मोजायचं अवजारही त्यांच्याच घरातलं. अवजार तेवढं फुकट आहे, हा फरक. यात कट वगैरे मला दिसत नाही. ज्याला पावसावर पैसे लावायचे असतात त्याला पाऊस मोजायची चांगली साधनं लागतात, इतकंच.

तर आम्ही साखळी लिहिली. वाचा, निकष लावा, महिने काढा, खंड मोजा, आणि शेवटी वऱ्हाडाच्या ७२ चौकटी मागा. डास्क मोठ्या मांडणीचे तुकडे करतो, त्यांना सगळेच चंक म्हणतात. आमचा चंक म्हणजे एक वर्ष. एक फाइल उघडायची, तिच्यातलं हवं ते घ्यायचं, फाइल सोडून द्यायची, पुढची उघडायची. मेमरीत कधीच एका वेळी शंभर-दोनशे मेगाबाइटपेक्षा जास्त नाही. लॅपटॉपला घामही फुटला नाही.

याची जाहिरात करणारे एक गोष्ट सहसा सांगत नाहीत, म्हणून सांगते. ‘फक्त ७२ चौकटींचंच गणित झालं’ हे पूर्ण खरं नाही. फाइल वर्षाची, आणि तिच्यात एकेका दिवसाचा अख्खा भारत ओळीनं भरलेला. त्यातून अकोला काढायचा तर अख्खं वर्ष वाचावंच लागतं, साध्या वर्षी २,५४,२५,९०० बाइट. लेझीपणा चंकपाशी येऊन थांबतो. चंकच्या आत काय हवं आणि काय नको याची त्याला फारशी पर्वा नसते. आमचा फायदा वाचनात झाला नाही, धरून न ठेवण्यात झाला. आणि वर्षाचा चंक आमच्या पथ्यावर पडला याचं कारण संगणकात नाही, खरिपात आहे : जून ते सप्टेंबर एका कॅलेंडर वर्षात पुरा मावतो. हेच काम रब्बीसाठी करायला घेतलं तेव्हा पंचाईत झाली. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर-तेल्हाऱ्याकडे, पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर हरभरा येतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा कोरडा काळ मोजायचा तर तो बरोबर ३१ डिसेंबरला चिरला जातो. एकच सलग खंड दोन चंकांत दोन आखूड खंड होऊन बसतो. तिथे शेजारच्या चंकची थोडी कड उसनी घ्यावी लागते. तशी सोय आहे, पण ती आठवणीनं वापरावी लागते. यंत्र स्वतःहून सांगत नाही.

याच सुमाराला दर्यापूर तालुक्यातल्या एका शेतकरी काकाजींना मी मोठ्या उत्साहानं लॅपटॉपवर एकशेवीस वर्षांचा पाऊस दाखवला. त्यांनी शांतपणे पाहिलं. मग म्हणाले, ‘‘ताई, पाऊस आला होता का न्हाई थे मले मालूम हाय. येईन कधी, थे सांगा.’’ यावर माझ्याकडे काहीच नव्हतं. पुढचं वाक्य मात्र त्यांनी कामाचं बोललं. त्यांचं म्हणणं, त्यांच्या शिवारात अडीच मिलिमीटरनं काही होत नाही. भेगाळलेल्या काळ्या जमिनीत तेवढं पाणी दिसतसुद्धा नाही. खंड तुटला असं ते केव्हा मानतात? तर ‘डवरा थांबवावा लागला’ तेव्हा. म्हणजे औत जमिनीत चालेनासं झालं तेव्हा. हवामान खात्याचा २.५ मिलिमीटरचा निकष सगळ्या देशासाठी आहे, त्यांचा त्यांच्या वावरासाठी.

परत येऊन आम्ही निकष १० केला, मग १५ करून पाहिला. साखळी लेझी असल्याचं खरं सुख मला तेव्हा कळलं. साखळीतल्या मधल्या एका कडीतला एक आकडा बदलायचा, बाकी काही हलवायचं नाही, आणि शेवटाला पुन्हा उत्तर मागायचं. आधीच्या पद्धतीत प्रत्येक निकषासाठी मांडण्यांचा नवा ढीग पडला असता.

पण काम नुसतं नोंदवून ठेवणाऱ्या माणसात जो दोष असतो तो इथेही आहे. तो ‘हो’ सगळ्याला म्हणतो.

फाइली वाचण्याचा कोड आमच्याकडे दुसरीकडून आला होता. डास्कला आधीच सांगावं लागतं, की ही फाइल उघडल्यावर तिच्यातून अमुक आकाराची मांडणी निघेल. फाइल तर अजून उघडलेलीच नसते. त्या कोडात सगळ्या वर्षांसाठी लिहिलेलं होतं : ३६५ दिवस. डास्कनं ते मान्य केलं. वाचणारा भाग मात्र फाइलमध्ये जेवढं असेल तेवढं आणून देई, म्हणजे लीप वर्षी ३६६. आराखडा म्हणतोय ३६५, हातात पडतायत ३६६, आणि कुणीच तक्रार करत नाही. जून ते सप्टेंबर काढायचे तर वर्षाच्या सुरुवातीपासून १५१ दिवस सोडायचे, असा हिशेब. लीप वर्षी १५१ दिवस सोडले की हाती लागतो ३१ मे. म्हणजे दर चौथ्या वर्षी आमचा पावसाळा ३१ मेला सुरू होऊन २९ सप्टेंबरला संपत होता. एका दिवसानं खंडाच्या लांबीत फरक पडला तरी तो कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. आलेख सुरेख येत होते.

हे उघडकीस आलं ते भलत्याच रस्त्यानं. परतवाड्याच्या आमच्या सहकारी मुलीला चिखलदऱ्याच्या एका चौकटीचा रोजचा पाऊस सलग हवा होता, मेळघाटातल्या पाण्याच्या दुसऱ्या कुठल्याशा कामासाठी. तिनं मागितला. आकडे आले ४३,८३०. तारखांची यादी ३६५ धरून केलेली, तीत तारखा ४३,८००. लांबी जुळत नाही, अशी चूक पडद्यावर आली. आणि यंत्रानं बोट कुठे दाखवलं? तिच्या ओळीकडे. साखळीच्या अगदी शेवटच्या, निरपराध ओळीकडे. खरी गडबड पहिल्या ओळीत आणि १९०४च्या फाइलीत होती. तीसचा फरक पाहून तिनंच ओळखलं. १९०१ ते २०२० मध्ये लीप वर्षं तीसच. साध्या नमपायमध्ये हीच चूक असती तर चौथी फाइल वाचतानाच धडपड झाली असती आणि आम्ही तिथल्या तिथे पाहिलं असतं. लेझी पद्धतीत चूक जिथे होते तिथे ती नुसती नोंदली जाते, फुटते ती मागणी आल्यावर. आणि जिथली मागणी कधी येतच नाही, तिथली चूक तशीच शाबूत राहते.

याच जातीची दुसरी गंमत. या फाइलींमध्ये जिथे नोंद नाही, म्हणजे समुद्र किंवा देशाबाहेरचा भाग, तिथे उणे ९९९ भरलेलं असतं. उणे ९९९ हे अडीचपेक्षा कमीच आहे. वऱ्हाडाच्या खिडकीत समुद्र नाही, त्यामुळे महिनोन्‌महिने काही बिघडलं नाही. एका सादरीकरणासाठी सगळ्या देशाचा नकाशा मागवला, तेव्हा दिसलं की भारतातला सर्वांत भीषण दुष्काळ अरबी समुद्रात पडलेला आहे.

लेझी कोड वापरणाऱ्या नवख्यांची वेळेची फसवणूक तर ठरलेलीच. एक विद्यार्थी आला, म्हणाला, मॅडम, तुमचं सगळं काम माझ्या कोडात दोन सेकंदांत होतं. होणारच, त्यात काही झालेलंच नव्हतं. आराखडा तयार झाला होता, उत्तर मागायची ओळ त्यानं लिहिली नव्हती. मग ती लिहिली, तर अशा जागी लिहिली की बघवेना. अकोला जिल्ह्याचे सात आणि अमरावतीचे चौदा, असे एकवीस तालुके. त्यानं एकेक तालुका घेऊन ‘उत्तर दे’ म्हटलं. प्रत्येक वेळी साखळी पार मुळापासून चालली, एकशेवीस फाइली एकवीस वेळा वाचल्या गेल्या. डास्कचं यंत्र आधीचं काही लक्षात ठेवत नाही. ठेव म्हणून सांगितलं तरच ठेवतं. एकवीस उत्तरं एकदम मागितली असती तर आराखड्यातला सामायिक भाग एकदाच चालला असता. मागणी करणाऱ्याला आपल्याला एकूण काय काय हवंय हे आधी ठाऊक असेल, तरच या पद्धतीला अर्थ आहे. मुलगा हुशार होता, त्यानं दुपारपर्यंत सगळं नीट केलं आणि मग मलाच जॅक्स नावाच्या आणखी एका साधनाबद्दल शिकवलं.

टेन्सरवाल्यांच्या मोठ्या जगात, उत्तर लगेच द्यायचं की मागितल्यावर, या वादाचे दोन्हीकडे झोके गेलेले आहेत. गूगलनं २०१५च्या नोव्हेंबरात टेन्सरफ्लो हे साधन खुलं केलं ते पूर्ण लेझी घाटाचं : आधी अख्खा आराखडा बांधा, मग तो चालवा. मध्येच एखादा आकडा छापून बघायचा म्हटलं तर आकडा नसायचाच, ‘इथे पुढे आकडा येईल’ अशी पाटी असायची. लोक वैतागले. त्याच कामाच्या पायटॉर्च या साधनानं ओळ लिहिली की उत्तर, असा सरळ व्यवहार ठेवला आणि संशोधकांची गर्दी तिकडे वळली. २०१९ला टेन्सरफ्लोनंही आपला घाट बदलून लगेच उत्तर देणं हेच नेहमीचं केलं. मग २०२३च्या मार्चमध्ये पायटॉर्चची दुसरी आवृत्ती आली ती आराखडा पकडून एकत्र चालवायची सोय घेऊन. दोघंही अर्धा रस्ता चालून मध्येच एकमेकांना भेटले.

पायटॉर्चला आराखड्याकडे का वळावंसं वाटलं, ते मला आमच्याच कामात, उपग्रहाच्या चित्रांवर, उमगलं. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांचं एक चित्र म्हणजे १०,९८० गुणिले १०,९८० ठिपके, प्रत्येक ठिपका दहा मीटरचा. पिकाची हिरवाई मोजायचा नेहमीचा निर्देशांक, एनडीव्हीआय, अगदी साधा आहे : अवरक्त वजा लाल, भागिले अवरक्त अधिक लाल. तीन क्रिया. नमपाय आधी वजाबाकीची पूर्ण मांडणी करतो, दुप्पट अचूकतेत ९६ कोटी बाइट. मग बेरजेची, तेवढीच. मग भागाकाराची, तेवढीच. तीन गिगाबाइटच्या आसपास जागा, आणि त्यातल्या दोन मांडण्या जन्मल्या त्या फेकून देण्यासाठीच. इथे वेळ गणिताला लागत नाही. वजाबाकी करायला प्रोसेसरला काहीच लागत नाही. वेळ जातो तो आकडे मेमरीतून आणण्यात आणि परत ठेवण्यात. यंत्राला तीनही क्रिया आधी माहीत असतील तर ते एक ठिपका उचलून त्याचं सगळं गणित एका दमात उरकतं, उत्तर ठेवतं, पुढचा ठिपका उचलतं. एक फेरी, तीन नाहीत. याला फ्यूजन म्हणतात. सी प्लसप्लसमध्ये १९९५च्या सुमारास टॉड वेल्डहायझेननं हीच युक्ती भाषेच्याच पोटात बसवली होती. फ्यूजनमध्ये ‘न मागितलेलं टाळणं’ हा मुद्दाच नाही, सगळे ठिपके हवेच आहेत. थांबण्याचा फायदा एवढाच, की पुढे काय येणार आहे ते कळतं.

प्रोसेसरपेक्षा त्याच्यापर्यंत आकडे पोहोचवणं महाग, हे ज्यांना तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच हाताळावं लागलं त्यांतले एक आमच्याच वाटेवरचे. विजय भटकर मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. अमेरिकेनं क्रे महासंगणक हवा तसा दिला नाही, म्हणून १९८८मध्ये पुण्यात सीडॅक ही संस्था उभी राहिली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ला परम ८००० हा महासंगणक तयार झाला, एकमेकांशी निरोपानं बोलणाऱ्या अनेक छोट्या प्रोसेसरांचा. अमरावतीहून अकोल्याला येताना मूर्तिजापूर लागतं.  

परत उपग्रहाच्या चित्रांकडे येते. अमरावती जिल्ह्याची एक अडचण नकाशावरच लिहिलेली आहे. ७८ अंश रेखांश मोर्शीजवळून जातं, आणि उपग्रह-चित्रांच्या जागतिक मांडणीत तिथे ४३वा पट्टा संपून ४४वा सुरू होतो. अकोला, दर्यापूर, अचलपूर एका पट्ट्यात. वरूडच्या संत्र्याच्या बागा दुसऱ्यात. दोन पट्ट्यांचे ठिपके एकमेकांवर बसत नाहीत, एकाला ओढूनताणून दुसऱ्याच्या जाळीत आणावं लागतं. हे सगळं निस्तरण्यापेक्षा अनेकजण गूगल अर्थ इंजिनकडे वळतात. तिथे सगळा कारभार मुळातच लेझी. तुम्ही लिहिता ती फक्त मागणी. गणित गूगलच्या यंत्रांवर, आणि पडद्यावर जेवढा तुकडा दिसतोय तेवढ्याचंच.

आणि तिथे एक मोठी मेख आहे. अर्थ इंजिन कुठल्या बारकाईनं मोजायचं हे मूळ चित्रावरून ठरवत नाही, मागणाऱ्यावरून ठरवतं. नकाशा दूर नेला की ते दहा मीटरचे ठिपके घेतच नाही, आधीच सरासरी करून ठेवलेले मोठे ठिपके घेतं आणि त्यांच्यावर गणित करतं. एखाद्या तालुक्याचं हिरव्या पिकाखालचं क्षेत्र एका उंबरठ्यावरून काढलं, तर जवळून पाहताना एक येतं, दुरून पाहताना दुसरं. मोठ्या ठिपक्यात वावर, बांध, पांदण रस्ता आणि पडीक सगळं एकत्र घोटलेलं असतं. दोन्ही उत्तरं यंत्राच्या दृष्टीनं बरोबर. कोड तोच, चित्र तेच, तारीख तीच.

आमच्या महसूल खात्यात याच्याशी चपखल जुळणारी पद्धत आहे, असं मला हल्ली वाटतं. पैसेवारी, म्हणजे गावाच्या पिकाचा सरकारी अंदाज. अमरावती विभागात खरिपाची नजरअंदाज पैसेवारी ३० सप्टेंबरला, सुधारित ३१ ऑक्टोबरला, अंतिम ३१ डिसेंबरला. पहिली डोळ्यांनी, पीक उभं असताना. शेवटची पीककापणीच्या वजनांनंतर. पन्नास पैशांच्या आत आली की गाव दुष्काळाच्या सवलतींची आशा धरतं, म्हणून या आकड्यांवरून दरवर्षी मोर्चे निघतात, आणि त्यातले बरेचसे योग्य असतात. पण पद्धत म्हणून पाहिलं तर तीत शहाणपण आहे. पूर्ण उत्तर डिसेंबरपर्यंत येणारच नाही हे तिला मान्य आहे, आणि डिसेंबरपर्यंत काहीच सांगायचं नाही हे तिला परवडणारं नाही. म्हणून ती लवकरचा कच्चा आकडा देते, आणि त्याच्या कपाळावर ‘नजरअंदाज’ लिहून देते. अर्थ इंजिनचा दूरचा नकाशा हा नजरअंदाजच आहे. फक्त त्याच्या कपाळावर तसं काही लिहिलेलं नसतं. मी तालुक्यांचे आकडे असे दूरच्या नकाशावरून काढून दोन दशांश स्थळांपर्यंत छापलेले अहवाल पाहिले आहेत. कुणाचे ते सांगत नाही.

पैसेवारीची ही रीत आम्ही आमच्या कामात सरळ उचलली. कुठलीही नवी साखळी लिहिली की आधी एकच लीप वर्ष, एकच साधं वर्ष, आणि खिडकीच्या चार कोपऱ्यांतल्या चार चौकटी घेऊन ती साध्या नमपायमध्ये, ओळीओळीनं, आकडे छापत चालवायची. सर्वांत लहान आकडा उणे आहे का बघायचं. दिवस मोजायचे. एका केंद्राची कागदावरची नोंद शेजारी धरायची. तीही जपून, कारण आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, रात्री बाराला नाही, आणि रात्री पडलेला पाऊस कागदावर दुसऱ्या दिवसाच्या नावानं असतो. एवढं जमलं की मग साखळी लेझी करून सगळ्या वर्षांवर सोडायची. आमच्यातल्या एकाला हे म्हाताऱ्यांचं काम वाटतं. परतवाड्याच्या मुलीला वाटत नाही.

खंडाचं उत्तर काय आलं असं लोक विचारतात. एका चौकटीचं क्षेत्र सातशे चौरस किलोमीटरच्या आसपास. अकोला जिल्हा साताआठ चौकटींत संपतो. विम्याचा हिशेब होतो महसूल मंडळावर, आणि एका चौकटीत अशी कितीतरी मंडळं येतात. एका मंडळात मुसळधार आणि शेजारच्या मंडळात धूळ, हे वऱ्हाडात दर पावसाळ्यात होतं, आणि ते या जाळीत दिसूच शकत नाही. तेव्हा ‘अमक्याला विमा मिळायला हवा होता का’ याचं उत्तर या टेन्सरमध्ये नाही, कितीही हुशारीनं मागितलं तरी. चौकट-चौकटीतला कल, दशका-दशकाची तुलना, मेळघाटचा डोंगर आणि पूर्णेचं खोरं यांतला फरक, इथपर्यंत ते बोलतं.

मधल्या काळात आमचे प्रश्न बरेचसे ठरून गेले. कुठल्या चौकटी लागतात, कुठले निकष शेतकरी मानतात, कुठले खातं मानतं, हे नक्की झालं. मग आम्ही एके दिवशी ७२ चौकटींचा १९०१ ते २०२० चा रोजचा पाऊस साखळीतून एकदाच मागितला आणि वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवला. ती फाइल झाली साडेबारा मेगाबाइटची. तीन गिगाबाइटमधून साडेबारा मेगाबाइट. ती कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर नमपायमध्ये सरळ उघडते, ओळ लिहिली की उत्तर येतं, डास्क लागत नाही. पावसाच्या कामापुरती लेझी साखळी आता वर्षातून एकदा चालते, नव्या वर्षाची फाइल आली की. उपग्रहाच्या चित्रांसाठी मात्र ती रोज लागते, आणि तिथे जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे खंड पडतो तेव्हाच्या आसपास, निम्म्याहून जास्त चित्रांवर ढग असतात. ढग आहेत पण पाऊस नाही, अशी चित्रं सध्या आम्ही वेगळी काढून ठेवतोय.